सांगलीत बिनलोगोची सायकलिंग जर्सी शिवून घेतली, त्याचा रिव्ह्यू

छातीवर, पाठीवर, बाहीवर कुठंच काही लिहिलेलं नाही अशी सायकलिंगची जर्सी पाहिजे असेल तर सांगलीत तयार मिळणं अवघडच आहे, पण शिवून मिळते, आणि मला तरी ती बऱ्याच विकतच्या जर्सीपेक्षा बरी वाटली. शॉर्टचं मात्र तसं नाही, ते पुढं सांगतो.

बिनलोगोचीच का हवी असं विचाराल तर मला काही चळवळ वगैरे करायची नाहीये. सकाळी सायकल काढायची, हरिपूरला संगमावर नाहीतर नरसोबाच्या वाडीला जायचं, दर्शन घ्यायचं, येताना चहाला थांबायचं एवढाच आपला कार्यक्रम, आणि त्यात अंगावर कुठल्यातरी परदेशी बँकेचं, टाइल्सवाल्याचं, लॉटरीवाल्याचं नाव असलं की एसटीच्या मागच्या बाजूसारखं वाटायला लागतं. एकदा भिलवडीच्या अलीकडं चहाच्या गाड्यावर एका आजोबांनी सरळ विचारलं, "कंपनीनं पाठवलंय काय ओ? पगार किती देत्यात?" त्यांचं तरी काय चुकलं, कपडे बघून कुणालाही तसंच वाटणार.

तसं बघायला गेलं तर सायकलवाल्यांच्या अंगावर भलत्याच धंद्याची नावं यायला खरी सुरुवात झाली १९५४ ला. त्याआधी टीमला पैसा यायचा तो मुख्यतः सायकल नाहीतर टायर बनवणाऱ्यांकडून. मग इटलीच्या फिओरेन्झो माग्नी ह्या सायकलपटूनं निव्हिया क्रीमवाल्यांना स्पॉन्सर म्हणून आणलं आणि तिथून जे सुरू झालं ते आजपर्यंत चालूच आहे. आता शर्यत खेळणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात, ठीक आहे. आपण उलटे पैसे मोजून घालतो!

ऑनलाइन शोधायला गेलं तर वेगळाच वैताग. 'प्लेन' म्हणून सर्च केलं की जे येतं त्यात फोटो फक्त पुढून असतो, छातीवर एवढासा लोगो, म्हणलं चालतंय, आणि पार्सल उघडलं की मागच्या खिशांवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नाव. तेव्हा मागवणार असाल तर मागचा आणि बाहीचा फोटो बघितल्याशिवाय पैसे भरू नका. महागात जायची तयारी असेल तर लंडनची रॅफा आहे, २००४ पासूनची कंपनी, साध्या दिसणाऱ्या कपड्यांसाठीच नावाजलेली, पण त्यांच्या जुन्या क्लासिक जर्सीच्या डाव्या बाहीवरचा तो पांढरा पट्टा जाणकाराला लांबूनच ओळखू येतो, म्हणजे लोगो नाही म्हणता म्हणता पट्टाच लोगो झाला की. आणि किंमत बघितल्यावर मी टॅब बंद केला.

लोगो काढून टाकायचा प्रयत्न करणाऱ्यांसाठी थोडक्यात: सबलिमेशन प्रिंट असेल तर विसरून जा, त्यात रंग उष्णतेनं वायू होऊन धाग्याच्या आतच जाऊन बसतो, वर काही उरतच नाही खरवडायला. हीट ट्रान्सफरचा, म्हणजे चिकटवलेला असेल तर तो निघतो, पण खाली डिंकाचा डाग आणि कमी उडालेल्या रंगाचा तुकडा राहतो, म्हणजे लोगोची सावली कायम. भरतकाम उसवता येतं, भोकं दिसतात.

तर आता दुकान. नाव टाकत नाही कारण आपल्याकडं असली दुकानं बरीच आहेत आणि काम साधारण एकसारखंच. कबड्डीच्या, क्रिकेटच्या टीमचे आणि मंडळांचे टी-शर्ट शिवून छापून देतात ना, ती. वर प्रिंटिंग, मागच्या खोलीत मशीनवर मास्तर. मी गेलो आणि म्हणलं सायकलिंगची जर्सी पाहिजे, एकच. एक पीस म्हणल्यावर मालकांचा चेहरा पडला पण नाही म्हणाले नाहीत. मग वही काढली.

"नाव काय टाकायचं?"
"काही नको."
"नंबर?"
"नंबर पण नको."
"मग मागं मंडळाचं नाव?"
"मागंपण काहीच नाही ओ, कोरी पाहिजे."
"कोरीच घालायची तर आमच्याकडं कशाला आलाय?"

प्रश्न बरोबर होता. ह्या लोकांचा सगळा धंदाच नावं छापण्यावर, त्यामुळं माझी ऑर्डर त्यांच्या वहीतल्या कुठल्याच कॉलमात बसेना. शेवटी नावाच्या जागी आडवी रेघ मारली आणि मास्तरांना हाक मारली.

कापडाचं नीट ऐका, कारण इथंच बहुतेक जण फसतात. ते आधी म्हणाले पांढऱ्या कापडावर पाहिजे तो कलर सबलिमेशननं छापून देतो. तसं करू नका. छापलेला रंग एकाच बाजूला बसतो, कापड आतून पांढरंच राहतं, आणि जर्सी अंगाला ताणून बसली की खांद्यावर, पोटावर मधून मधून फिकं पांढरट दिसायला लागतं. रंगवलेलंच कापड मागा. डॉट निट आणि राइस निट अशी दोन नावं सांगितली की त्यांना कळतं, मी डॉट निट घेतलं, १६० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाच्या) आसपासचं, बारीक भोकांचं. उजेडाकडं धरून बघितलं तर पलीकडची ट्यूबलाइट ठिपक्या ठिपक्यांची दिसते, हवा खेळते म्हणजे काय ते तिथंच समजतं. एप्रिलमधल्या सांगलीत कॉटनचा टी-शर्ट घामानं पाठीला चिकटतो तो वाळायचं नाव घेत नाही, हे निदान चहा पिऊन होईपर्यंत वाळतं.

रंग हळदी घेतला. सांगलीत राहून दुसरा कुठला घेणार. आणि उगाच फुशारकी म्हणून सांगतो, टूर द फ्रान्स शर्यतीत आघाडीवर असलेल्याला मिळते ती पिवळी जर्सी १९१९ पासूनची, आणि ती पिवळी का तर ती शर्यत भरवणारं लोतो नावाचं वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जायचं असं सांगतात. म्हणजे तिथंही मूळ जाहिरातच निघाली, जाऊ दे. फ्लोरोसंट पोपटी घेऊ नका, उन्हात लवकर विटतो.

मापाला जाताना जुनी जर्सी घेऊन जा, नुसतं तोंडानं सांगू नका. मास्तरांना कबड्डीच्या बनियनचा हात, त्यामुळं पुढचं मागचं सारखंच कापायला निघाले होते. सायकलवर वाकलं की पाठ उघडी पडते म्हणून मागची बाजू पुढच्यापेक्षा बोटभर नाही, चांगली चार बोटं लांब लागते हे मी तिथल्याच स्टुलावर वाकून बसून दाखवलं, मग ते हसले आणि खडूनं नवीन रेघ मारली. मागचे तीन खिसे मस्त शिवलेत, खिशाच्या तोंडाला आत इलॅस्टिक, कोपऱ्यांना दोनदा टाके. पण खाली जर्सी सरकू नये म्हणून असते ती सिलिकॉनची पट्टी मिळत नाही, साधं इलॅस्टिक लावलंय, त्यामुळं मोबाईल, पंप आणि दोन केळी भरली की जर्सी मागून जरा ओघळते. शिलाई ओव्हरलॉकची आहे, फ्लॅटलॉक म्हणजे सपाट बसणारी शिलाई त्यांच्याकडं नाही, त्यामुळं काखेत शिवण हाताला लागते, लांबच्या राइडला तिथं व्हॅसलीन लावून निघायचं. गुण कापायचे तर ह्या दोन गोष्टींचे. झिप पूर्ण उघडणारी, चांगली वायकेकेची मीच आणून दिली, आणि आता अख्ख्या जर्सीवर वाचता येईल असं एकच नाव आहे ते त्या झिपच्या रनरवर, नखाएवढं. बायको म्हणाली तेही कानशीनं घासून काढ.

एक मुद्दा मात्र कुणी सांगत नाही. कंपनीच्या कपड्यांवर रात्री चमकणारा भाग बऱ्याचदा लोगोच असतो. लोगो गेला की चमक पण गेली. आपल्याकडं गळिताचा सीझन सुरू झाला की रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन दोन ट्रॉल्या, पहाटेचं धुकं, ड्रायव्हर रात्रभर जागा, त्यात आपण साध्या कपड्यात म्हणजे कल्याणच. म्हणून रिफ्लेक्टिव्ह टेप वेगळी आणून मास्तरांकडून खिशांच्या वर आडवी आणि दोन्ही बाह्यांना शिवून घेतली. शिवूनच घ्या, चिकटवलेली धुण्यात सुटते.

शॉर्ट इथं शिवू नका. मास्तर म्हणाले स्पंज घालून देतो, मी हात जोडले. शॉर्टमध्ये बसायच्या जागी असतं ते पॅड म्हणजे नुसता स्पंज नव्हे, जाडी जागेनुसार कमीजास्त असते आणि कडा शिवणीला घासू नयेत म्हणून पातळ होत गेलेल्या असतात, ते कंपनीचंच पाहिजे. मी पुण्यातल्या डेकॅथलॉनमधून काळी घेतली, साध्यातली, मांडीवर छोटं चिन्ह आहे ते दुकानात बसल्या बसल्या बघून घेतलं होतं, जर्सी लांब असली तरी मांडी झाकत नाही त्यामुळं दिसतं. चालवून घेतो.

जर्सीचे शिलाई, कापड धरून साडेसहाशेच्या आसपास गेले, झिप आणि टेप वेगळी. एका पीसचे म्हणून जास्त लावले, दोघातिघांनी मिळून दिलीत तर कमी करतो म्हणालेत. फक्त श्रावण लागल्यावर जाऊ नका, गणपतीच्या मंडळांच्या ऑर्डरी सुरू होतात आणि तुमची कोरी जर्सी ढिगात सगळ्यात खाली जाते. दिवाळीनंतर गेलात तर मास्तर निवांत असतात, लांब बाहीची पण त्यांच्याकडूनच करून घेणार आहे, ह्यावेळी काखेत वेगळा तुकडा टाकून बघू म्हणालेत.