पद्मिनीचं हेड गॅस्केट: कुर्ल्याचं जुनं पाकीट की आजचं नवं?

प्रीमियर पद्मिनी गाडीचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवून फेसिंगला, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करायला, दिलं की मेकॅनिक हमखास विचारतो, "गॅस्केट ओरिजिनल आणताय की बाहेरचं?" गॅस्केट म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या सांध्यात बसणारा, गळती अडवणारा पातळ थर; बाहेरचं म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं. चालू मॉडेलच्या गाडीत हा बराचसा पैशांचा प्रश्न असतो. आपल्या गाडीत तो वयाचा प्रश्न आहे. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातलं उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलं. म्हणजे प्रीमियरच्या पाकिटातलं गॅस्केट आज हाती लागलंच, तर ते जवळपास पाव शतक किंवा त्याहून जास्त काळ कुठल्या तरी दुकानाच्या माळ्यावर पडून असणार. बाहेरचं मात्र कदाचित गेल्या वर्षीचं असेल.

मी दोन्ही बसवली आहेत. तरी हा एका गाडीचा अनुभव, एवढं धरूनच वाचावं.

ओरिजिनलच्या बाजूने बोलायचं तर त्याचं माप. ब्लॉकवर ठेवलं की सगळी भोकं जागच्या जागी येतात. पुशरॉडची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची), तेलाची, पाण्याची, कशालाच कानस लावावी लागत नाही. सिलिंडरभोवतीच्या पत्र्याच्या कडा अचूक बसतात. ज्यांची गाडी मूळ रूपात जपलेली आहे, विंटेज रॅलीपुरती बाहेर निघते, त्यांना हे पाकीट मिळाल्याचा आनंद मला पूर्ण समजतो. मलाही तो झाला होता. पुण्याच्या नाना पेठेतल्या एका जुन्या दुकानदाराने पुठ्ठ्यांच्या ढिगाखालून ते काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाला, "साहेब, हे कुर्ल्याचं. आता असं मिळत नाही." खरंच मिळत नाही.

ते बसवलं. फेसिंग नीट झालेलं होतं, हेड टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) टप्प्याटप्प्याने, मधून बाहेरच्या बाजूला आवळत नेलं, इंजिन तापून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा आवळलं. पुढे गॅस्केट उडालं नाही. गाडी कधी वाटेत उभीही राहिली नाही. फक्त पाणी कमी व्हायचं.

किती? रोज थोडंसं. जमिनीवर थेंब नाही, तेल स्वच्छ, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. बऱ्याच शोधानंतर हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर, मागच्या कोपऱ्यात, तांबूस ओघळाची एक बारीक रेघ दिसली. पाणी तिथून पाझरायचं आणि गरम इंजिनावर जागीच सुकायचं. एवढ्याशा गोष्टीने गाडीची सगळी मजा गेली. रोज सकाळी आधी रेडिएटरचं झाकण उघडून पाहायचं, मगच किल्ली फिरवायची. घाट चढायचा असेल तर डिकीत पाण्याचा कॅन. घरातल्या कुणी गाडी मागितली तर किल्लीबरोबर सूचनाही द्यायच्या. तापमानाचा काटा नेहमीच्या जागी असला तरी नजर त्याच्यावरच. मोठा बिघाड झाला असता तर दुरुस्त करून मोकळा झालो असतो. हे रोजचं पाझरणं मात्र मला सहन झालं नाही, आणि माझा निर्णय त्यानेच केला.

हेड पुन्हा उतरवलं तेव्हा सिलिंडरभोवतीच्या कडा ठणठणीत होत्या. पाण्याच्या भोकांभोवतीचा थर मात्र वाळल्या पोळीसारखा कडक होऊन पापुद्रे सुटत होते. कारखान्यातून निघाला तेव्हा तो माल उत्तमच असणार, यात मला शंका नाही. इतकी वर्षं पावसाळी दमटपणात पडून राहायला कुठलंही गॅस्केट बनवलेलं नसतं. शिवाय आपलं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. प्रत्येक वेळी गाडी गरम होऊन थंड झाली की मधलं गॅस्केट दोन्हीकडून घासलं जातं. त्या थरात लवचिकपणा उरला नसेल तर तो निभावत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ही महत्त्वाची. त्या काळच्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असायचं, आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. चिकटलेला थर कोरडा खरवडू नका, ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश तर मुळीच लावू नका. ओला करून, मास्क लावून काढा. मेकॅनिकलाही तेवढं सांगा, तो हे काम रोज करतो.

बाहेरच्या मालात बरंवाईट खूप आहे, हे कबूल. स्वस्तातली काही गॅस्केट हातात घेतल्याबरोबर परत करावीशी वाटतात. पण ती परत करता येतात! काउंटरवर बदलून मिळतं, जुन्या पाकिटाच्या बाबतीत तो प्रश्नच नसतो. घेतल्यावर आधी कोरड्या ब्लॉकवर ठेवून पाहा. पत्र्याची कड सिलिंडरच्या आत डोकावत असेल तर ते नको. पुशरॉड सगळे मोकळे जायला हवेत. पाण्याची काही भोकं ब्लॉकमधल्या भोकांपेक्षा लहान दिसली तर ती मोठी करायला लेथवाल्याकडे पळू नका. पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत पोचावं म्हणून गॅस्केटमध्ये ती मुद्दाम लहान ठेवलेली असू शकतात.

जुन्या गाडीचं, त्यातही आधी टॅक्सी असलेल्या गाडीचं हेड आजवर किती वेळा फेस झालंय हे कुणालाच माहीत नसतं. दर वेळी थोडी धातू जाते, कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढतं आणि चढावर इंजिन खडखडतं. अशा वेळी किंचित जाड गॅस्केट मिळालं तर उपयोग होतो, आणि ते मिळालं तर बाहेरच्यातच मिळतं. तांब्याचंही करून देणारे आहेत. रोजच्या गाडीला मी ते सुचवणार नाही, बसवणाऱ्याचा हात फार चांगला लागतो.

माझ्या गाडीत आता बाहेरचं आहे, नामांकित कंपनीचं, अ‍ॅस्बेस्टॉस नसलेलं. एका भोकाची कड थोडी साफ करावी लागली, आणि पहिल्यांदा तापल्यानंतर हेड पुन्हा आवळावं लागलं. रेडिएटरचं झाकण आता मी सवडीने उघडतो, पातळी तिथेच असते.

तरीही जुन्या पाकिटाचा मोह होत असेल तर पैसे देण्याआधी ते उघडायला लावा. अंगठा फिरवल्यावर भुकटी लागली, कडांना गंज दिसला किंवा खिळ्याला टांगल्याचा बाक असला तर ते भिंतीवर फ्रेम करून लावा, इंजिनात नको. नवं घेणार असाल तर एकाच वेळी दोन घ्या. जास्तीचं प्लास्टिकमध्ये गुंडाळून, दोन प्लायच्या तुकड्यांमध्ये सपाट ठेवा आणि वर घेतल्याची तारीख लिहा.