१९५४ची 'ट्रॅक सायकल' आणि तिच्या रंगाखालचे उद्योग

लंडनमध्ये जुनी ट्रॅक रेसिंगची सायकल घेऊन ती रोज ऑफिसला न्यायचा कोणाचा विचार असेल, तर आधी हे वाचा. '१९५४ची, रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांची, हर्न हिलच्या ट्रॅकवर धावलेली' असं सांगून मला ७२० पौंडांना एक सायकल विकली गेली. (रेनॉल्ड्स ५३१ म्हणजे हलक्या, उंची पोलादाच्या नळ्या.) ती १९५४ची नव्हती, ५३१ची नव्हती आणि ट्रॅकची तर मुळीच नव्हती. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण तेवढ्यासाठी एवढं लिहायला बसलो नसतो. मागच्या चाकात विकणाऱ्याने जो प्रकार करून ठेवला होता, तो जिवावर बेतणारा होता.

ज्यांना या सायकली माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रॅकच्या सायकलीला बदलता येणारे गिअर नसतात, ब्रेक नसतात आणि फ्रीव्हीलही नसतं, म्हणजे पायडल थांबवून चाक नुसतं फिरू देणारा भागच नसतो. मागचं दातेरी स्प्रॉकेट हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) पक्कं बसवलेलं असतं, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. वेग कमी करायचा तर पायांनीच मागे रेटायचं. हिलाच 'फिक्स' सायकल म्हणतात. अशी सायकल रस्त्यावर आणणं म्हणजे काही आजकालचं फॅड नव्हे. इथले जुने क्लबवाले एकाच सायकलीवर ट्रॅकपर्यंत जायचे. शर्यतीची हलकी चाकं पुढच्या एक्सलला दोन्ही बाजूंनी अडकवलेली असायची. तिथे पोचलं की चाकं बदलायची, ब्रेक काढायचा, शर्यत मारायची आणि पुन्हा सगळं जोडून घरी. दक्षिण लंडनमधला हर्न हिलचा ट्रॅक १८९१चा आहे, १९४८च्या ऑलिंपिकमधल्या ट्रॅकच्या शर्यती तिथेच झाल्या. तिथे अजूनही म्हातारी मंडळी अशा सायकली घेऊन येतात. पातळ नळ्या, जोडांवर कोरीव लग (नळ्या ज्यांत बसतात त्या खोळी), पुढचं चाक धरणारा गोल काड्यांचा चिमटा. एकदा पाहिलं की डोक्यातून जात नाही.

विक्रेता अशा लोकांनाच हेरतो हे नंतर कळलं. जाहिरात साधी होती, फोटो चांगले होते आणि गोष्ट तर अगदी मापाने शिवलेली. आजोबा पन्नासच्या दशकात हर्न हिलला धावायचे, सायकल गॅरेजमध्ये पडून होती, घर रिकामं करायचंय, 'चांगल्या माणसाकडे जावी एवढीच इच्छा'. मी विचारलं, रोजच्या वापराला गिअर जड पडेल का? तो लगेच म्हणाला, हो, ४९×१५ आहे (पुढच्या चक्राला ४९ दाते, मागच्या स्प्रॉकेटला १५), तुम्हाला हलकं करून देतो. हे बरोबरच होतं. ४९×१५ला पायडलच्या एका फेरीत सायकल जवळजवळ सात मीटर जाते. ट्रॅकवर ठीक, पण सिग्नल लागत असलेल्या रस्त्यावर गुडघ्यांचा भुगा. त्याने ४६×१८ बसवून दिलं, म्हणजे फेरीला साधारण ५.४ मीटर. त्याचे ६० पौंड वेगळे. इतकं नेमकं बोलणाऱ्या माणसाला विषय कळतो, असंच कोणीही म्हणेल. त्याला कळत होताच, म्हणून तर त्याला ते सगळं लपवता आलं.

पुढच्या ब्रेकचं विचारलं तेव्हा मात्र सूर बदलला. 'अस्सल ट्रॅकचा चिमटा आहे, त्याला भोक पाडायचं म्हणजे पाप. फिक्स सायकलीला ब्रेक लागत नाही.' हे साफ खोटं. ब्रिटनच्या १९८३च्या नियमांप्रमाणे मोठ्या माणसाच्या सायकलीला दोन स्वतंत्र ब्रेक लागतात. फिक्स मागचं चाक त्यातला एक धरला जातो, पण पुढचा ब्रेक हवाच. मी क्लॅम्पने आवळायची पट्टी आणून घरीच पुढचा ब्रेक बसवला. सांगलीत लहानपणी सायकली उघडून बसवल्या होत्या, त्यामुळे हात वळतो. त्या ब्रेकमुळेच आज लिहितोय.

क्रिस्टल पॅलेसकडून जिप्सी हिलचा उतार उतरत होतो. वेग वाढला म्हणून पायांनी मागे रेटलं. एक बारीक कट्ट असा आवाज आला आणि पायाखालचा जोरच नाहीसा झाला. पायडल उलटी सैल फिरली, चेन उतरून लोंबायला लागली. मागचा ब्रेक म्हणजे माझे पाय, आणि ते आता हवेत फिरत होते. पुढचा ब्रेक दाबत दाबत फुटपाथच्या कडेला येऊन थांबलो. पाठीमागच्या बसच्या ड्रायव्हरने काय शब्द वापरले ते इथे लिहीत नाही.

आता तो हब. हे नीट समजून घ्या, कारण असा हब रस्त्यात कोणालाही विकला जाऊ शकतो. खऱ्या ट्रॅक हबला आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतली मोठी, सुलट्या आट्यांची, तिच्यावर स्प्रॉकेट बसतं. बाहेरची लहान, उलट्या आट्यांची, तिच्यावर लॉकरिंग, म्हणजे स्प्रॉकेट सुटू नये म्हणून वरून आवळायची रिंग. डाव्या पायडलचे आटे उलटे का असतात हे ज्याला माहीत आहे त्याला यातली मेख लगेच कळेल. पायांनी मागे रेटलं की स्प्रॉकेट सुटायच्या दिशेने फिरू बघतं. पण ते लॉकरिंगला ज्या दिशेने ओढतं, ती लॉकरिंगची आवळायची दिशा असते. म्हणून जितकं रेटाल तितकं ते घट्ट. माझ्या सायकलीत होता साधा रोडचा फ्रीव्हीलचा हब. त्याला एकच पायरी, सगळे आटे सुलटे. त्यावर स्प्रॉकेट चढवून बाहेरून बॉटम ब्रॅकेटची (क्रँकचा एक्सल बसतो त्या भागाची) लॉकरिंग फिरवली होती. इंग्लिश मापात दोन्हीचे आटे जुळतात, व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे. बाहेरून पाहिलं तर स्प्रॉकेट दिसतं, त्याच्यावर रिंग दिसते, सगळं जागच्या जागी. पण मागे रेटलं की स्प्रॉकेट सुटतं आणि सुटता सुटता रिंगलाही सोबत घेऊन जातं. वर चिकटवायचा गोंद ओतला होता, तोच काही दिवस धरून राहिला. इंग्रजीत अशा हबला आत्महत्येवरून नाव पडलंय, ते उगाच नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. लॉकरिंगचं आतलं भोक स्प्रॉकेटच्या आतल्या भोकाहून लहान असायला हवं आणि रिंग उलटी फिरवल्यावर आवळली जायला हवी. हातात लॉकरिंगचा पाना असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

एका रेल्वेच्या कमानीखाली एका म्हाताऱ्या कारागिराचं दुकान आहे. जुन्या फ्रेमांची ब्रेझिंगची (पितळ वितळवून नळ्या जोडायची) कामं ते करतात. सायकल तिकडे नेली. चाक बघून ते काही बोलले नाहीत, सायकल उलटी टांगली आणि खिशातून एक लोहचुंबक काढलं. वरच्या दांडीवरून ते सरकवत नेलं. एका जागी चुंबक सुटून त्यांच्या हातात आलं. तिथे पोचा होता, त्यात लांबी (पुट्टी) भरून वरून पावडर कोटिंग चढवलेलं. पुन्हा चुंबक चिमट्याच्या माथ्यावर लावलं, मध्यभागी ते परत सुटलं. टोकदार पोगराने टोकरल्यावर आतून गोल भोक निघालं. म्हणजे ब्रेकचं भोक मुळात होतंच, 'अस्सल ट्रॅक' दिसावं म्हणून बुजवलेलं. ज्या भोकाला हात लावणं पाप होतं, ते त्याने स्वतःच लांबीने भरलं होतं. शिवाय चिमट्याच्या काड्या लंबगोल होत्या, ट्रॅकच्या गोल असतात.

मग त्यांनी बॉटम ब्रॅकेट उघडलं आणि मला टॉर्च दिला. 'खालच्या दांडीत बघा.' नळीच्या आत दोन बारीक धातूच्या गाठी पुढे आलेल्या दिसत होत्या. पाण्याची बाटली अडकवायच्या आट्यांचे ते आतले बुडखे. बाहेरून ते कापून, लांबी लावून, रंग मारून सपाट केले होते. पण आतून कोण बघतंय? फ्रेमला ब्रेझ करून बाटलीसाठी असे आटे सर्रास दिसू लागले ते साधारण सत्तरच्या दशकापासून. १९५४च्या ट्रॅक सायकलीला बाटली लावून कोण धावतं? मागचं चाक ज्यांत बसतं ती फ्रेमची जुनी टोकं कापून तिथे ट्रॅकची, मागे उघडणारी टोकं जोडली होती, आणि त्यांच्यातलं अंतर १२६ मिलिमीटर. हे सहा गिअरच्या रोड सायकलीचं माप. ट्रॅकचं १२०, फार जुन्या सायकलींचं ११०. बॉटम ब्रॅकेटखालचा फ्रेम नंबर कानशीने घासून गुळगुळीत केलेला.

आणि ५३१? सीटची दांडी काढून त्यांनी तिच्यावरचा आकडा दाखवला, २६.२, म्हणजे तिचा मिलिमीटरमधला व्यास. सीटची नळी बाहेरून २८.६ मिमी असते. म्हणजे भिंत सव्वा मिलिमीटरच्या आसपास. ५३१च्या चांगल्या फ्रेमला २७.२ किंवा त्याच्या जवळपासची दांडी जाते, कारण तिथे भिंत साधारण अर्धीच असते. '५३१'चं स्टिकर मात्र एकदम झकास, सोनेरी-हिरवं. अशी हुबेहूब स्टिकरं प्रामाणिक दुरुस्तीसाठी बनवून विकली जातात, त्याने ती लबाडीसाठी वापरली. 'हे पाणी वाहायच्या पाइपपेक्षा थोडं बरं आहे,' असं कारागीर म्हणाले आणि चहा ठेवायला गेले.

सायकल चालवताना एक गोष्ट मला आधीपासून खटकत होती, तिचं कारणही तिथे कळलं. वळताना आतलं पायडल रस्त्याला घासायचं. फिक्स सायकलीत वळताना पायडल वर धरता येत नाही, म्हणून ट्रॅकच्या फ्रेमचं बॉटम ब्रॅकेट उंच ठेवतात, जमिनीपासून २८० मिमीच्या पुढे. माझं भरलं २६६, आणि वर क्रँक १७० मिमीची. ट्रॅकला बहुतेक १६५ची लावतात. ही मोजणी करायला काही कारागीर लागत नाही, घरातली मोजपट्टी पुरते.

पैशांचं काय झालं तेही सांगतो. बँकेने हात वर केले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वस्तू मिळाली आहे, ती चांगली नाही हा तुमच्या दोघांतला दिवाणी वाद आहे. कायदा माझ्या बाजूने आहे. १९७९च्या माल विक्री कायद्यानुसार खासगी विक्रेत्यानेही माल वर्णनाप्रमाणेच द्यायला हवा. 'बघून घ्या, परत घेणार नाही' असं म्हटल्याने '१९५४, ५३१' हे शब्द पुसले जात नाहीत. दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा छोट्या रकमांच्या न्यायालयात वकिलाशिवाय करता येतो. पण दावा कोणाच्या पत्त्यावर लावायचा? गाठ पडली होती स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये. 'घरात रंगकाम चाललंय' असं त्याने सांगितलं होतं. नंतर फोन बंद. मेसेजला एकच उत्तर आलं, ते असं की 'जुनी वस्तू आहे, तिला जुनेपण असणारच'. पुढे काही महिन्यांनी दुसऱ्या नावाने तशीच जाहिरात दिसली. आजोबा तेच, फक्त आता ते मँचेस्टरच्या फॅलोफील्ड ट्रॅकवर धावत होते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, आधीचे मेसेज, कारागिरांनी लिहून दिलेला अहवाल, सगळं तक्रारीला जोडून दिलंय. ती जाहिरात त्या साइटने काढली. माणूस कुठे आहे ते अजून सापडलेलं नाही.

पुण्या-मुंबईतलेही काही जण इथून जुन्या फ्रेमा मागवतात म्हणून त्यांच्यासाठी. कुरिअरने मागवायची असेल तर बाजूने काढलेले सुंदर फोटो घेऊन काही कळत नाही. स्प्रॉकेट आणि लॉकरिंग काढून नुसत्या हबचा फोटो मागा, दोन पायऱ्या दिसल्या पाहिजेत. सीटच्या दांडीवरचा आकडा, बॉटम ब्रॅकेटखालचा नंबर, मागच्या टोकांमध्ये धरलेली पट्टी, चिमट्याचा माथा मागून. इंग्लंडमधल्या व्हेटरन-सायकल क्लबमध्ये एकेका जुन्या मेकरच्या फ्रेम नंबरांची माहिती ठेवणारी मंडळी आहेत. नंबर घेऊन त्यांना विचारलं तर साल जुळतंय की नाही ते ती सांगतात. नंबर घासलेला असेल तर पुढचं बोलणंच नको. ताजं, जाड, चकचकीत पावडर कोटिंग असेल तर भाव कमी करून मागा, वाढवून नको. जुना, टवके उडालेला रंग काही लपवू शकत नाही.

ज्यांच्याकडे आधीच असा एक पायरीचा हब आहे त्यांनी तो आणखी घट्ट आवळून किंवा त्यावर अजून गोंद ओतून चालवू नये. त्यावर साधं फ्रीव्हील चढवा आणि मागेपुढे दोन ब्रेक लावा, किंवा चाकच बदला. माझ्या फ्रेमचं कारागिरांनी तेच केलं. चिमट्याचं भोक मोकळं केलं, मागच्या ब्रेकच्या पुलाचंही लांबीने बुजवलेलं भोक उघडलं, जोडलेल्या टोकांचं ब्रेझिंग तपासून एक टाका नव्याने घातला. आता ती एक ठीकठाक, जड, दोन ब्रेकची सायकल आहे आणि माझा भाचा तिच्यावरून कॉलेजला जातो. पुढचं चाक तेवढं खरं निघालं, जुना इंग्लिश ट्रॅक हब, ३२ आरे. ते मी काढून ठेवलंय, माझ्या पुढच्या फ्रेमसाठी.