८१९२ लेव्हलचा पेन आणि माझे १२,९९९ रुपये

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. चौदा वर्षं चादर-टॉवेलची जेकार्ड डिझाइनं कॉम्प्युटरवरच काढतोय. तरी फसलो.

माऊसने मोराचा पिसारा काढून मनगट गेलं होतं, म्हणून जुना पेन टॅब्लेट, म्हणजे पेनने काढलेलं थेट कॉम्प्युटरवर उमटवणारी पाटी, शोधत होतो. जाहिरात दिसली: नामांकित कंपनीचा, दोनच महिने वापरलेला, ८१९२ प्रेशर लेव्हल (म्हणजे पेन दाबण्याचे इतके बारीक टप्पे ओळखणार, दाबाल तशी रेघ जाड), ११,५०० रुपये. 'दादा, अजून दोघं मागतायत.' लगेच २,००० ॲडव्हान्स पाठवले. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल, पण हा माणूस खरंच आला! सात रस्त्याजवळ चहाच्या टपरीवर, स्वतःचा लॅपटॉप घेऊन.

त्याने झरझर रेघ ओढली, बारीक. हात हळू केला, जाड. मी खूश. तिथंच माती खाल्ली. रेघ बदलत होती ती हाताच्या वेगावर, दाबावर नाही. क्रितासारख्या चित्रं काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्येसुद्धा ब्रशला वेगाचा सेन्सर लावता येतो, आणि हे मला ठाऊक होतं हो! बरं, मी पेन टेकवला तेव्हा टोक 'टिक' करून आत गेलं, बॉलपेनच्या खटक्यासारखं. ऐकलं मी ते. दाब मोजणारं टोक असं खटकन बसत नाही. पण तेवढ्यात चहा आला, विकणारा घाई करत होता, मी ९,५०० स्कॅन करून मोकळा झालो.

घरी दाब काही चालेना. फोन केला तर म्हणे, ड्रायव्हरचं (टॅब्लेट कॉम्प्युटरला जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स लागतं, १,४९९. तेही भरले. हसा. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर फुकट मिळतो. त्याचे पैसे मागणारा चोर समजा. मग क्रिताच्या टॅब्लेट टेस्टरमध्ये पाहिलं. पेन हलका टेकवा नाहीतर जीव खाऊन दाबा, आकडा १०० टक्के. म्हणजे आत नुसतं चालू-बंदचं बटण! ८१९२ फक्त खोक्यावरच्या स्टिकरवर. बायको एवढंच म्हणाली, "अहो, टिक वाजलं तेव्हाच विचारायचं ना."

लाजेपायी चार दिवस गप्प बसलो. तुम्ही बसू नका, कळताक्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

पोलीस ठाण्यात टॅब्लेट, लॅपटॉप सगळं घेऊन गेलो. हवालदारांनी पेन फिरवला आणि म्हणाले, "बाण हलतोय की. चालतंय." मी दाब समजावतोय, ते पेनने कान खाजवतायत. म्हणे सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माल मिळालाय, हे ग्राहकांचं प्रकरण. ग्राहक तक्रारवाल्यांनी विचारलं, बिल कुठंय? अरे, टपरीवर बिल कोण देतं? तीन खाडे झाले, कारखानदाराची बोलणी वेगळी. आणि प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, "शिकलेले दिसता, मग कसे फसलात?" चोराचा नंबर दिलाय, त्याला एक फोन लावायला काय होतं?

जुना घेणार असाल तर लॅपटॉप स्वतःचा न्या. पेन एकाच जागी टेकवून हळूहळू दाब वाढवा, हात अजिबात हलवू नका. ठिपका फुगला तरच पाकीट काढा.

त्या दिवशीच्या दोन चहांचे २० रुपयेही मीच दिले. ते वरच्या हिशोबात धरलेले नाहीत.