व्हॅलग्राइंड आणि हीपट्रॅक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमध्ये जॉब मोजणारा सी++ प्रोग्रॅम दर तिसऱ्या दिवशी मरायचा. कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी'. हाताने बंद करून बघितलं, तर व्हॅलग्राइंड (प्रोग्रॅम आपल्याखाली चालवून मेमरीच्या चुका शोधणारं साधन) म्हणतो सगळे ब्लॉक मोकळे झाले, लीक (घेतलेली मेमरी परत न करणं) शक्यच नाही! तेव्हा त्याला भरपूर नावं ठेवली. आता ती मागे घेतो, पण तक्रार एक आहेच.

ग्लोबल मॅपमध्ये (प्रोग्रॅम संपेपर्यंत टिकणाऱ्या नोंदींच्या तक्त्यात) प्रत्येक जॉबकार्डाची नोंद जात होती आणि काम संपल्यावर काढली जात नव्हती. प्रोग्रॅम बंद होताना डिस्ट्रक्टर (मॅप नष्ट होताना आपोआप चालणारा कोड) सगळी मेमरी परत करतो आणि व्हॅलग्राइंड हिशोब मांडतो तो त्यानंतर. लीकसॅनिटायझर या लीक शोधणाऱ्या दुसऱ्या साधनालाही हे दिसत नाही, कारण मेमरीकडे नेणारा पॉइंटर (तिचा पत्ता) शाबूत असेल तर तो लीक धरतच नाही.

म्हणून प्रोग्रॅम चालू असतानाच विचारायचं. दुसऱ्या टर्मिनलमधून व्हीजीडीबीला (चालू व्हॅलग्राइंडला आज्ञा पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला) 'लीक_चेक फुल रीचेबल' द्या, अर्ध्या तासाने तेच पुन्हा द्या. दुसऱ्या वेळी मागच्या तपासणीनंतर वाढलेलंच दिसतं. मॅपमध्ये नोंद घालणारी ओळ थेट समोर येते. 'रीचेबल' (म्हणजे पॉइंटर शाबूत असलेली मेमरीही दाखव) विसरलात तर पुन्हा सगळं स्वच्छ! इतकी कामाची सोय इतक्या कोपऱ्यात का ठेवली आहे, याचा राग अजून जात नाही. आपल्याकडे तर ती हवीच; रात्री लाईट गेली की शेवटी येणारा रिपोर्ट येतच नाही, सगळी रात्र पाण्यात.

दुसरी अडचण वेगाची. व्हॅलग्राइंडखाली प्रोग्रॅम २० ते ३० पट हळू चालतो, मॉडबसचे (मशीनशी बोलण्याच्या प्रोटोकॉलचे) टाइमआउट लागतात. टाइमआउट वाढवा किंवा साठवलेला डेटा पुन्हा चालवा.

प्रत्यक्ष मशीनवर हीपट्रॅकच (कोणत्या कोडने किती मेमरी घेतली याची नोंद ठेवणारं साधन) बरा. चालू प्रोसेसला पीआयडीने (प्रोसेसच्या क्रमांकाने) जोडता येतो, पण जोडण्याआधीची मेमरी त्याला माहीत नसते, म्हणून शक्यतो सुरुवातीपासून लावा. फाइल लॅपटॉपवर आणून आलेख बघा. ४ जीबीचं जुनं यंत्र पुरतं, परवान्याला रुपया लागत नाही. बिल्ड मात्र डीबग माहितीसह हवा, नाहीतर कोडची फाइल आणि ओळ कळत नाही. स्टॅटिक लिंक केलेल्या (सगळ्या लायब्ररी आतच भरलेल्या) बिल्डवर त्याचं काही चालत नाही.

दुरुस्तीनंतर व्हीएमआरएसएस (प्रोसेसने रॅममध्ये व्यापलेल्या जागेचा आकडा) लगेच खाली आला नाही तर घाबरू नका. जीलिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) मोकळी झालेली मेमरी स्वतःकडे राखून ठेवते. 'मॅलॉक_ट्रिम' हे ती मेमरी परत करायला लावणारं फंक्शन बोलावून बघा, आणि आकडा दोन शिफ्ट एकाच पातळीवर राहतो का ते तपासा.