शहाबादी फरशी की विट्रिफाइड टाइल? दुकानातला भाव अर्धाच असतो

लातूर-उदगीरकडं शहाबादी स्वस्त वाटते. खाण जवळच, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात. पण दगडाची जाडी एकसारखी नसते, म्हणून खाली मसाल्याचा जाड थर लागतो. सिमेंट-वाळू तिथंच मुरते. पॉलिशचं मशीन वेगळं आणि त्याचं पाणी टँकरचं असेल, तर तेही तुमच्याच खिशातून.

विट्रिफाइडचा खर्च बारीक-बारीक कुरतडतो. दोन बाय दोनच्या चार टाइल्सचा बॉक्स बोलताना 16 चौरस फुटांचा, मोजला तर साडेपंधराच. 10 बाय 12 च्या खोलीला चार इंची स्कर्टिंगच (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) जवळपास एक बॉक्स खाते, ती हिशेबात कुणी धरत नाही. वर कापाकापीची तूट, सांधे भरायचं ग्राउट, हमाली. जुन्या फरशीवरच बसवली तर चिकटवायचं केमिकल लागतं, शिवाय जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते अन् दारं अडतात. आमच्याकडं सुतार बोलवून तीन दारं खालून रंधली, मिस्त्री म्हणाला, "ते आमच्यात येत नाही." उखडून बसवायची, तर मलब्याच्या ट्रॉल्या मोजा.

एक बॉक्स जास्तीचा ठेवाच, डिझाइन पुन्हा मिळत नाही. शहाबादीला ती कटकट नाही.

मी पुढच्या खोलीत टाइल, अंगणात शहाबादीच घालीन. ओल्या टाइलवर आमची आजी चालणार कशी?