बेट की बंदर? कोझी रहस्यकथेसाठी जागा ठरवताना

कोझी म्हणजे ऊबदार, रक्तपात टाळणारी रहस्यकथा. हौशी शोधक, समुद्रकाठचं गाव आणि पानोपानी रक्त नको, एवढं ठरलं की पेच उरतो जागेचा. लाँच बंद पडताच तुटणारं बेट घ्यायचं, की मागे रस्ता असलेलं मासेमारीचं बंदर?

बेटाचा फायदा उघड आहे. सहा-आठ संशयित पहिल्याच दिवशी पक्के होतात, कुणी पळत नाही, बाहेरचं कुणी येत नाही. पहिलं पुस्तक लिहिणाऱ्याला हा आधार मोठा, आणि तो खोटाही नाही.

कटकट सुरू होते प्रेत सापडल्यावर. कोझीतली शोधक बाई चौकशी करते ती कामाच्या आडून: टपाल वाटताना, पाव विकताना, जाळी दुरुस्त करताना. बेटावर खून झाला की सगळे दारं लावून बसतात. दुकान बंद, टपाल बंद. मग प्रत्येक संवादाला नवं निमित्त शोधा. चौथ्या-पाचव्या निमित्तानंतर बाईंचा चौकशी आयोग होतो. घाबरलेली माणसं गावगप्पाही मारत नाहीत, आणि कोझीची ऊब तर त्या गप्पांतच असते. मी बंदराकडे वळलो तो एवढ्या एका त्रासापायी. दुसऱ्या कुणाला तो इतका जाचणारही नाही कदाचित.

बंदराची अडचण उलटी: पोलीस अर्ध्या तासात हजर. तेव्हा त्यांना दिसूनही कळणार नाही, असं काही शोधकाला कळायला हवं. उदाहरणार्थ, धक्क्याला बांधलेली होडी. भरतीच्या वेळी दोर आखूड बांधला, तर पाणी उतरल्यावर तो ताणला जातो आणि होडी एका अंगाला लटकते. किनाऱ्यावरचा माणूस दोराला ढील ठेवतोच. म्हणजे बांधणारा एकतर परका, नाहीतर लगेच परतणार होता आणि परतू शकला नाही. पोलीस होडीतले ठसे घेत बसतात, बाई दोराकडे बघते.

बेटाचा बंदिस्तपणाही बंदरात उसना आणता येतो. दीपगृहाकडे जाणारी वाट फक्त ओहोटीत उघडी ठेवा, वादळाची गरज नाही. मात्र गणित सांभाळा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. आज दहाला उघडलेली वाट उद्या पुन्हा दहाला उघडली, की जाणकार वाचक पुस्तक मिटतो. वाट फक्त उधाणातच, म्हणजे पाणी सर्वांत जास्त चढतं-उतरतं तेव्हाच, पूर्ण उघडते असं ठरवलं, तर खुनाची वेळ अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या दोन-तीन दिवसांवर येते. ते करताना एक चूक हमखास होते. एका बंदरात उधाणाची ओहोटी घड्याळात जवळपास ठरलेल्या वेळीच येते. अमावास्येला ती भर दुपारी दाखवलीत, तर पौर्णिमेला संध्याकाळी सहाला दाखवता येणार नाही. सहाची ओहोटी अष्टमीच्या सुमाराची, आणि तेव्हा भांगामुळे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असल्यामुळे, पाणी पुरेसं उतरतच नाही. खोटी अ‍ॅलिबी फोडायला याहून सोपी जागा मला तरी सापडलेली नाही. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती येते, काही ठिकाणी पाणी जेमतेम हलतं. तेव्हा आधी आपला किनारा कोणता ते बघा.

एकच, आटोपशीर पुस्तक लिहायचं असेल तर बेट चालेल. मालिकेचा बेत असेल, तर चाळीस उंबऱ्यांच्या बेटावर तिसऱ्या पुस्तकात मारायला माणूस कुठून आणणार, ते आधी ठरवून ठेवा.