३६०० चं पॅनल फ्रीकॅडवर तोडलं, त्याचा अनुभव

अंबड एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, काम मुख्यतः इलेक्ट्रिक पॅनलच्या एन्क्लोजरचं, म्हणजे बाहेरच्या पत्र्याच्या पेटीचं. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाची स्टेप फाइल (थ्रीडी ड्रॉइंगची फाइल) आली: ३६०० एमएम रुंद, २१०० उंच, ८०० खोल, २ एमएम जाडीचा सीआरसीए पत्रा. अख्खं पॅनल एकाच सॉलिडमध्ये, म्हणजे एकसंध आकारात काढलेलं. पाठीला ३६०० चा सलग पत्रा, आणि आमच्याकडे पत्रा येतो १२५० बाय २५०० चा. शिवाय तीन शिपिंग सेक्शन (नेण्यासाठी सुटे भाग) केल्याशिवाय ते पॅनल रूमच्या दारातून आत जाणार नव्हतं.

असं काम मी आजवर बाहेर ड्रॉइंगला द्यायचे. या वेळी फ्रीकॅड या थ्रीडी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर स्वतः केलं. हे फुकट आहे, धंद्यासाठी वापरलं तरी पैसे नाहीत. १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. त्याआधी मागचं एखादं स्केच बदललं की पुढची फीचर्स भलत्याच कडेला जाऊन चिकटायची. ते आता बरंच आटोक्यात आलंय. पत्र्याच्या कामाचा टूल-संच, म्हणजे शीट मेटल वर्कबेंच, मात्र सोबत येत नाही, अ‍ॅडऑन मॅनेजरमधून टाकून घ्या.

तोडणं सोपं आहे. पार्ट वर्कबेंचमध्ये जोडाच्या जागी पॅनलपेक्षा मोठं प्लेन (सपाट पातळी) ठेवायचं, आधी सॉलिड निवडायचं, मग प्लेन, मग स्लाइस अपार्ट. तुकडे सुटे.

तोडायचं कुठे, यात माझा अर्धा दिवस गेला. मी पहिला जोड दाराच्या चौकटीच्या बेंडला लागून धरला होता. बेंडिंगवरच्या काकांना स्क्रीन दाखवली. ते म्हणाले, "ताई, इथं तोडलं तर फ्लँज डायवर बसणारच नाही. सपाट जागेत घ्या." खरं होतं; फ्लँज म्हणजे कडेची वाकवलेली पट्टी, ती वाकवताना पत्रा मशीनच्या डायवर टेकावा लागतो. आणि प्लेन बेंडच्या गोलाईतूनच उभं गेलं, तर अर्धा बेंड एका तुकड्यात आणि अर्धा दुसऱ्यात राहतो; तसला तुकडा कुठल्याच मशीनवर बनत नाही. मग चौकटींची मापं थोडी सरकवायला गिऱ्हाइकाची परवानगी घेतली आणि १२००-१२०० चे तीन सेक्शन केले.

कापलेल्या कडेला जोडाचा फ्लँज आपल्यालाच द्यावा लागतो. तिथे बेंड टाइप मटेरिअल इनसाइड निवडा, नाहीतर १२०० चं माप बाहेर वाढतं. मी आधी २५ चा फ्लँज दिला. ब्लँक (वाकवण्याआधीचा सपाट तुकडा) आला १२४२.८ रुंद, म्हणजे १२५० च्या पत्र्यात दोन्ही कडांना जेमतेम साडेतीन एमएम उरत होते. लेझरवाला एवढ्यावर कापून देत नाही. २० चा केला, ब्लँक १२३२.८ झाला, आणि बोल्टलाही जागा पुरली.

एक चूक माझ्याकडून झाली, ती सविस्तर सांगते. बेंडमध्ये किती पत्रा जातो हे काढायला के-फॅक्टर नावाचा आकडा लागतो; आम्ही तो ०.४ धरतो, बेंडची आतली त्रिज्या २. हा आकडा अ‍ॅन्सी पद्धतीचा; डिन ही दुसरी पद्धत. अनफोल्ड करताना, म्हणजे वाकवलेला आकार सपाट उलगडताना, अ‍ॅन्सी की डिन हे निवडायचं असतं, आणि डिनचा आकडा अ‍ॅन्सीच्या दुप्पट असतो. माझं डिन राहून गेलं, म्हणजे हिशेब ०.२ ने झाला. ९० अंशाच्या बेंडला ४.४० ऐवजी ३.७७ एमएम धरले गेले. एका सेक्शनच्या रुंदीत असे दोन बेंड, तीन सेक्शन मिळून पावणेचार एमएम कमी. बेस फ्रेमची भोकं जुळलीच नसती. आम्ही नेहमी आधी एकच तुकडा कापून वाकवतो, म्हणून टेपवर सव्वा एमएम कमी दिसलं आणि बाकीचा पत्रा वाचला.

कमतरता एक आहे. गिऱ्हाइकाने मापं बदलून नवी स्टेप पाठवली की स्लाइस आणि फ्लँज जवळपास पहिल्यापासून करावे लागतात. रोज अशी बदलाबदल असेल तर हे काम जड जाईल. आमच्यासारख्या महिन्याला दोन-चार मोठी पॅनल करणाऱ्यांना मी बिनधास्त वापरा म्हणेन. पाचपैकी चार.

दुसऱ्या प्रयत्नात तिन्ही सेक्शन शेडमध्येच बेस फ्रेमवर लावून पाहिले. जोडाचे सगळे बोल्ट हातानेच आत गेले, एकाही भोकाला रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) लावावा लागला नाही.